डोलीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून

बायपास झाल्यापासून माझ्या छातीवर माझा मालकी हक्क उरलेला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवतो, इकडंतिकडं बघतो आणि हळूच म्हणतो, "बघू की जरा." मग मी शर्टाची वरची बटणं सोडून टाक्यांचा व्रण दाखवायचा. पाहणारा समाधानानं मान हलवतो आणि आपल्या मेव्हण्याला याहून लांब छेद कसा दिला होता ते सांगतो. चौकशी केली तर तो मेव्हणा हमखास कैलासवासी निघतो. एवढा धीर देऊन पाहुणे आणखी अर्धा कप चहा घेतात आणि जातात.

मी विमा एजंट आहे. "उद्याचं काही सांगता येत नाही बघा," हे वाक्य सत्तावीस वर्षं मी लोकांच्या सोफ्यावर बसून, त्यांचेच पोहे खात म्हणत आलो. श्रावणात एका दुपारी आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, हातात दोडक्याची पिशवी असताना, त्या वाक्याचा अर्थ मला कळला. पुढचं सगळं दवाखान्यातल्या लोकांनी केलं. मी फक्त आडवा होतो. माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या घटनेत त्याला काहीच काम नसावं, हे जरा अपमानास्पदच आहे.

घरी आलो ते काचेचं भांडं होऊन. सिडकोतला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक प्लॅस्टिकची खुर्ची मांडली गेली. त्या खुर्च्यांवर पुढं सोसायटीतल्या बायका शेंगा सोलत बसायला लागल्या, त्यामुळं मला बसायचं झालं तर दोन वेळा "माफ करा" म्हणावं लागे. पुण्याहून मुलानं, शिवमनं, मनगटी घड्याळ पाठवलं. त्यात माझे ठोके मोजले जातात आणि तिकडं त्याच्या मोबाइलवर दिसतात. ठोके वाढले की त्याचा फोन येतो.

"बाबा, एकशे बारा? काय करताय?"

"तुझ्या आईशी बोलतोय."

"हळू बोला."

आतून बाथरूमची कडी लावायला मला बंदी होती. यावरून मी घरात बराच आवाज केला. माणसाला काही खासगी आयुष्य आहे की नाही, वगैरे. रूपाली, म्हणजे माझी बायको, कंटाळून एकदा म्हणाली, "बरं बाबा, लावा कडी." आत जाऊन मी कडीला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. दार नुसतं लोटून अंघोळ केली. बाहेर आल्यावर "कडी लावली की छान वाटतं," असंही म्हणालो. ही गोष्ट आजवर कोणाला सांगितलेली नाही.

बाकी सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरचे साहेबराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांना माझ्या हृदयात आपल्या खात्याची कामं दिसत. "गाडेकर, केबल नवीन टाकली म्हणून लगेच लोड द्यायचा नसतो. डीपी उडते," असं ते रोज सांगत, आणि डीपी म्हणजे नेमका मी आहे हे बोटानं दाखवत. दुसरा माझा मेव्हणा कडुबा. लासूर स्टेशनला त्याची अडत आहे. देह कापसाच्या गाठीसारखा, मन त्याहून मऊ. दर आठवड्याला तो अर्जुनाची साल, गावठी लसूण आणि नवीन भीती घेऊन येई. "दाजी, तुम्ही काय बी करू नका. नुसतं पडून राहा. आमच्याकडं एक जण चांगला ठणठणीत झाला, आन् हौस म्हणून गच्चीवर गेला." एवढं बोलून तो थांबे. गच्चीवर त्या माणसाचं काय झालं हे मला अजून कळलेलं नाही.

पाच महिने असे गेले. मग व्यायाम शिकवणाऱ्या श्रेया मॅडमनी मला फिरत्या पट्ट्यावर चालवलं, कागद बघितला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही एकदम छान आहात. आता भीती तेवढी घालवायची. डोळ्यांसमोर काहीतरी ठेवा. माझे एक पेशंट नातीच्या वरातीत नाचले. तुम्ही असं करा, तुमच्या घरचे दोन मजले न थांबता चढून दाखवा."

दोन मजले! शेजारी मधुमेहाच्या दोन बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर! माझा स्वाभिमान पाच महिने पथ्यावर होता, तो एकदम उसळला.

"मी अजिंठा चढणार," मी म्हणालो.

खरं तर मला 'चार मजले' म्हणायचं होतं.

श्रेया मॅडमना आनंद झाला. "चालेल की! हळूहळू, थांबत थांबत, बोलता येईल इतक्याच वेगानं. दम लागला तर थांबायचं. एकटे मात्र जाऊ नका."

या शेवटच्या वाक्याचा घरच्यांनी जो अर्थ लावला, त्याला तोड नाही. मी, रूपाली आणि रविवारची निवांत सकाळ, एवढाच माझा बेत होता. संध्याकाळपर्यंत साहेबराव येणार हे ठरलं, कारण 'टेक्निकल माणूस सोबत हवा'. रात्री कडुबाचा फोन आला की गाडी त्याची, आणि गाडी त्याची म्हटल्यावर तो. सोसायटीच्या ग्रुपवर साहेबरावांनी 'गाडेकर यांची अजिंठा मोहीम' असं लिहिलं. त्याखाली सत्तावीस जणांनी हात जोडले. मोहिमेला शुभेच्छा म्हणून की आगाऊ श्रद्धांजली म्हणून, ते त्या चित्रावरून कळत नाही.

रविवार साहेबरावांनी बाद केला. "रविवारी मरणाची गर्दी. सोमवारी जाऊ. सोमवारी अजिंठ्याला चिटपाखरू नसतं."

हे अगदी खरं निघालं. सोमवारी अजिंठ्याला चिटपाखरू नसतं, कारण सोमवारी अजिंठा बंद असतो. फुलंब्री, सिल्लोड करत शंभर किलोमीटर गेल्यावर, घाट उतरून, फर्दापूरच्या फाट्यावर ही माहिती आम्हाला एका पेरूवाल्यानं दिली.

"लेणी मंगळवारी बंद असतात," साहेबराव त्याला म्हणाले.

"ते वेरूळ."

"मी पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलीय."

"तरी ते वेरूळच," पेरूवाला म्हणाला आणि त्यानं पेरूला मीठ लावलं.

आम्ही फर्दापुरात शेवभाजी खाल्ली, म्हणजे त्यांनी खाल्ली, मी वास घेतला आणि घरून आणलेली दुधी भोपळ्याची भाजी खाल्ली, आणि परत आलो. संध्याकाळी ग्रुपवर विचारणा झाली, "मोहीम फत्ते?" साहेबरावांनी उत्तर दिलं, "तांत्रिक कारणामुळे गाडेकर चढू शकले नाहीत." दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानंसुद्धा मला जिन्यात हात धरून बाजूला घेतलं.

गुरुवारी पुन्हा निघालो. या वेळी रूपालीनं एक मोठी पिशवी भरली होती. पाणी, गोळ्या, रक्तदाबाचं यंत्र, धपाटे, शाल, आणि मी घामानं भिजलो तर दुसरा शर्ट. फाट्यावर गाडी लावायची, तिथून बसनं लेण्यांपर्यंत जायचं, असा तिथला नियम. बसमधून उतरलो आणि तिकिटाच्या खिडकीशी गेलो. खिडकीतल्या माणसानं भिंतीवरच्या चौकोनी ठिपक्यांकडं बोट दाखवलं. मोबाइलवर काढलं तर स्वस्त पडतं. एवढं ऐकल्यावर साहेबराव रोख पैसे देणार कसले? तिथं रेंज नव्हती. ते मोबाइल वर धरून आवारभर फिरले, एका बाकावर चढले, झाडाखाली गेले, पुन्हा बाकावर चढले. या खटाटोपात ते चांगले घामाघूम झाले. मी मात्र सावलीत बसून होतो. शेवटी रोखीनंच तिकिटं काढली आणि सगळे पायऱ्यांकडं वळलो.

अजिंठ्याला आल्यावर पहिल्यांदा ज्या पायऱ्या लागतात, त्या कोणी कोणावर रागावून केल्यासारख्या आहेत. मी मान वर करून बघितलं. मान वर करतानाच मला आमच्या जिन्याचं ते वळण आठवलं. दोडके गडगडत खाली गेले होते, त्यांचा आवाज आठवला. "चला," मी मोठ्यानं म्हणालो.

तेवढ्यात कडुबा समोरून आला. त्याच्यामागं चार माणसं आणि दोन बांबूंना बांधलेली एक खुर्ची.

"दाजी, समदं ठरवलंय. जायचं-यायचं, दोन्ही. तुम्ही नुसतं बसा."

"मी चढायला आलोय, कडुबा."

"व्हय, चढा की. बसून चढा."

मी नकार दिला. मग तिथं लोकशाही सुरू झाली. साहेबराव म्हणाले, लोड विभागला जाईल. डोलीवाल्यांचा म्होरक्या कचरू म्हणाला, "काका, आम्ही नव्वदीच्या म्हातारीला नेलंय, तिनं बी एवढी लाज धरली नाय." जालन्याहून आलेलं एक कुटुंब थांबलं. कशाचं ऑपरेशन, कधीचं, कोणी केलं, हे त्यांनी विचारून घेतलं आणि एकमतानं डोलीच्या बाजूनं कौल दिला. त्यांच्यातल्या आजोबांनी "बघू की जरा" म्हटलं आणि मी भर रस्त्यात वरची दोन बटणं सोडली. मी रूपालीकडं बघितलं. पिशवीचा बंद तिनं घट्ट धरला होता. त्या हाताकडं बघून मी डोलीत बसलो.

डोलीत बसणं म्हणजे काय ते बसल्याशिवाय कळत नाही. चढावर खुर्ची मागं कलते. आपले पाय आकाशाकडं आणि डोकं मागच्या माणसाच्या तोंडाजवळ. मागचा तंबाखू खात होता. समोरून शाळेची सहल उतरत होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणालं, "लग्नय का?" दुसरं म्हणालं, "नाय रं, आजोबा मेलेत." "डोळे उघडे आहेत की!" हा वाद त्यांच्या बाईंनी मिटवला नाही. एका परदेशी बाईनं माझा फोटो काढला आणि नमस्कार केला. मी पण केला. न करून सांगतो कोणाला? साहेबरावांनी तर समोरून, बाजूनं आणि खालून असे फोटो घेतले.

तेवढ्यात, बाकावर चढून जी रेंज मिळाली नाही, ती अचानक मिळाली आणि शिवमचा फोन आला.

"बाबा, ठोके एकशे तीस! थांबा आधी! इतकं चालायला कोणी सांगितलं?"

"मी बसलोय."

"खोटं बोलू नका!"

एका वळणावर डोलीवाल्यांनी दम खायला डोली खाली टेकवली. मी तात्काळ उतरलो. "आता मी यात बसणार नाही. मेलो तरी बेहत्तर," मी म्हणालो. कचरू म्हणाला, "तुम्ही बसा न बसा, पैसे वापस नाय."

इथं गोष्टीनं वळण घेतलं. माझ्या जिवाच्या काळजीनं व्याकूळ झालेली ही मंडळी, 'पैसे वापस नाय' म्हटल्याबरोबर माझ्याकडं बघायची बंद झाली आणि त्या रिकाम्या खुर्चीकडं बघायला लागली. दोन्ही वेळचं भाडं, आणि खुर्ची रिकामी!

"वाया जाण्यापेक्षा," साहेबराव म्हणाले, "मी बसून बघतो. टेक्निकली कशी बांधलीय ते कळेल." ते बसले. बसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख उमटलं, ते निवृत्तीच्या निरोप समारंभातही नसेल. "हळू या हं गाडेकर! लोड घेऊ नका!" असं वरून ओरडत ते दिसेनासे झाले.

राहिलो आम्ही तिघं. दहा-बारा पायऱ्या चढलो आणि कडुबा मटकन खाली बसला. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता.

"दाजी, मला कसंतरी व्हतंय. छातीत नाय, पायात."

"लोड," मी म्हणालो.

साहेबरावांना पोचवून डोली परत आली. कचरू मला शोधत होता, पण कडुबानं हात वर केला. कचरूनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत आणि मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत बघितलं. "ह्ये नाय जमायचं. ह्याला आणखी दोन माणसं लागत्याल."

"का? मी काय पोतं हाय का?"

"पोतं असतं तर गुमान पडून राह्यलं असतं."

झालं. कडुबा अडतीच्या आवाजात बोलायला लागला, कचरू डोंगराच्या आवाजात. रूपाली मध्ये पडली. भाऊ तिचा, पैसे घरचे. "अहो, तुम्ही इथंच बाजूला थांबा," असं ती मला म्हणाली आणि भांडणात शिरली. मी बाजूला थांबलो. त्यांचा गलका नको म्हणून दोन पायऱ्या वर जाऊन थांबलो. मग आणखी चार. मग वळण आलं, आणि वळणापलीकडं ती माणसंही दिसेनात आणि त्यांचा आवाजही पुसट झाला.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एकटा आहे.

श्रावणापासून मी एकटा नव्हतोच. बाथरूमच्या दाराबाहेरसुद्धा कोणीतरी घसा खाकरत असे. आता मागं वाट रिकामी, पुढं वाट रिकामी, आणि मी पायरीवर. छाती धडधडायला लागली. ती धडधड मला कानात, दातांत ऐकू यायला लागली. हाच तो आवाज, मला वाटलं. मी कठड्याला धरून खाली बसलो. एखादं खवचट वाक्य सुचतंय का ते बघितलं. सुचेना. उपरोध करायलासुद्धा समोर कोणीतरी लागतं.

समोर होतं एक वानर. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. ते कठड्यावर बसून माझ्याकडं बघत होतं. इतक्या दिवसांत प्रथमच कोणीतरी माझ्याकडं बघत होतं आणि सल्ला देत नव्हतं. मी घड्याळाकडं हात नेला आणि परत घेतला. आकडा काय कळायचा तो शिवमला कळेल. मी छातीवर हात ठेवला. कळ नव्हती. डाव्या हातात मुंग्या नव्हत्या. जबडा दुखत नव्हता. नुसते ठोके होते, जोरात, एकामागून एक. पायऱ्या चढलेल्या माणसाचे असतात तसे. श्रेया मॅडमचं आठवलं, बोलता येईल इतक्याच वेगानं. बोलून बघितलं. "काय हो, बरंय ना?" मी वानराला म्हणालो. आवाज नीट आला. वानरानं तोंड फिरवलं.

मी उठलो. एक पायरी चढलो, थांबलो. ठोके चालूच होते. दुसरी चढलो. कोणी "हळू!" म्हणालं नाही, म्हणून माझा मीच हळू चढलो. मध्ये दोनदा बसलो. एकदा डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हानं आलं असं मी ठरवलं आहे. आणि मग पायऱ्या संपल्या. खाली दरीत वाघूर नदीची कोरडी वळणं, समोर डोंगराचा घोड्याच्या नालेसारखा बाक, आणि त्यात ओळीनं कोरलेली लेणी. हे सगळं दोन हजार वर्षं इथं होतं आणि घरी आलेल्या पाहुण्यांना इथं आणलं तरी त्यांना वर धाडून मी दर वेळी खाली चहाच्या टपरीवर बसत आलो होतो.

पहिल्या लेण्याच्या दारात साहेबराव जालन्याच्या कुटुंबाला रंगांबद्दल माहिती देत होते. मला बघून ते दचकले. "अरे! डोली कुठंय तुमची?"

"चालत आलो."

"चेष्टा पुरे."

"खरंच चालत आलो."

त्यांनी जालन्याच्या आजोबांकडं बघितलं. आजोबांनी समजूतदारपणे डोळे मिटले, म्हणजे अशा आजारात माणूस असं बोलतो. मग साहेबरावांनी मला मोबाइल दाखवला. ग्रुपवर फोटो गेला होता, मी डोलीत, पाय आकाशाकडं, हात जोडलेले. खाली लिहिलं होतं, 'मोहीम फत्ते'. आजही आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा, गाडेकर अजिंठा कसे चढले? सगळे एकच उत्तर देतील.

मागून धावत्या चपला वाजल्या. रूपाली. केस सुटलेले, चेहरा लाल, खांद्यावर ती पिशवी. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं सगळ्यांसमोर माझं मनगट धरलं, घड्याळ बाजूला सारलं आणि बोटानं नाडी मोजत राहिली. बराच वेळ.

"कुठं कुठं शोधलं मी," ती शेवटी म्हणाली. "खाली खिडकीपर्यंत जाऊन आले. तिथून पुन्हा वर."

"मी इथंच होतो. चालत आलो."

"दिसतंय मला." तिनं मनगट सोडलं. "तुमचं बरंय. माझीच छाती फुटायची वेळ आलीय."

मी तिला कठड्यावर बसवलं आणि पाणी दिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा आमच्या दोघांत पाणी देणारा मी होतो. ती घटाघटा प्यायली. तेवढ्यात सहा माणसांच्या खांद्यांवरून कडुबाची स्वारी आली. तो मांडी घालून बसला होता आणि शेंगा खात होता.

"लई भारी हाय हे, दाजी! उगंच उतरलात तुम्ही!"

रूपाली उठली. पदर खोचला. खांद्यावरची पिशवी काढून तिनं माझ्यासमोर धरली.

"धरा."

"मी?" पिशवी चांगली जड होती.

"मग कोण? चढता येतंय ना?"

"अगं अक्का, दाजीला वझं देती व्हय?" कडुबा डोलीतून ओरडला.

"तू शेंगा खा," ती म्हणाली.

मी पिशवी खांद्याला लावली. बंद खांद्यात रुतला. यावर काहीतरी लागेल असं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण ऐकायला ती तिथं नव्हती. चपला काढून ती लेण्याच्या अंधारात शिरली होती, आणि मी मागं येतोय की नाही हे तिनं एकदाही वळून बघितलं नाही.